हत्तीचा प्रश्न

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—आमच्या ह्यांनाही नाही, आणि ते तर बिचारे माझं घोरणंसुद्धा कौतुकानं ऐकायचे. कॉलेजात असताना मी एका मुलीला विचारलं होतं, "तुझ्या घरी हत्ती आहे का?" हसा, हसा. मूर्खपणाच तो. पण नुसता मूर्खपणा असता तर मी इतकी वर्षं गप्प बसले असते का?

भिवंडीत आमच्या कॉलेजात मुलींचं एक मंडळ होतं. मी त्याची चिटणीस—वेणीला रिबीन, आवाजाला साजूक तूप. मंडळात यायचं तर आधी मुलाखत, आणि नियम कडक: भाषा शुद्ध हवी. हाय-न्हाय बोलणारी बाद. हा नियम काढला कुणी? मीच. अंजूरच्या मास्तरांच्या मुलीनं—जिची आई चुलीपासून गोठ्यापर्यंत न्हाय-न्हाय करत फिरायची! ते 'न्हाय' मी रोज गावाच्या वेशीवर थुंकून कॉलेजात जायचे.

परवा नात म्हणाली, "आजी, आमच्या ग्रुपमध्ये नव्या पोरी घ्यायच्यात. सिलेक्शन एकदम टाइट ठेवणार, नाहीतर कोणीही घुसेल."

कोणीही! माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. हे तिला नाही, तुम्हाला सांगतेय.

कडक नियमानं मंडळाचं भलं झालं का? विचारा ना. लोकगीतांच्या स्पर्धेत आम्ही शुद्ध भाषेत लोकगीत गायलो—भाताची लावणी करायला जणू शाळा तपासणाऱ्या बाई उतरल्यात! परीक्षक रुमालात तोंड खुपसून हसले. खरी गाणारी एक होती. तिला मी आत येऊच दिलं नव्हतं.

सुकरी. डोंगराकडच्या पाड्यावरची. दर पावसाळ्यात आईबरोबर आमच्या शेतावर लावणीला यायची. (त्या शेतावर आता गोदाम आहे.) बांधावर बसून आम्ही एकाच फडक्यातली भाकर खायचो, आणि तिथे मी तिच्यासारखंच बोलायचे. पुढे तीही माझ्याच कॉलेजात आली; मंडळात तिला काही मिरवायचं नव्हतं. लांबून येणाऱ्या मुलींसाठी मंडळाकडे कॉलेजमागे एक खोली होती—पण फक्त सभासदांसाठी. सुकरीच्या पाड्याकडची शेवटची एसटी तास संपायच्या आत सुटायची. खोली मिळाली तर कॉलेज, नाहीतर घर. हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता ऐका. बाकीच्या मुलींना मी काय विचारलं असेल? आवडता ऋतू. आवडतं फूल. त्यात कुणाला 'नाही' म्हणावं लागत नाही. मग सुकरीलाच हत्ती का? कारण हत्ती कुणाच्याच घरी नसतो. उत्तर एकच येणार होतं.

ते आलं—"न्हाय." सगळ्या खिदळल्या. मीही—सगळ्यात मोठ्यानं.

भाषेसाठी केलं म्हणता? छे. ती त्या खोलीत राहिली असती तर कधीतरी चारचौघींत माझ्याशी गावातल्यासारखं बोलली असती, आणि माझ्याही तोंडून फसकन तेच बाहेर पडलं असतं. बस, एवढीच भीती. एवढ्यासाठी एका मुलीचं कॉलेज! त्या रिबीनवालीचा फोटो अजून कपाटात आहे. बघितला की किळस येते—शेणात पाय पडावा तशी, फक्त हा पाय धुता येत नाही.

दिवाळीनंतर सुकरी कॉलेजात दिसली नाही. पण मुलाखत झाल्यावर ती जिन्यात माझ्यासाठी थांबली होती. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं वर-खाली बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून—आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,

"तुझी आय पन न्हायच बोलते ना? भिऊ नको बाय, मी कोनाला सांगनार न्हाय."