नानांच्या शेतातलं स्टेशन

“मॅडम, तुमच्या नानांचं शेत खचतंय,” साहेब म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

स्क्रीनवरची रेघ आधी सरळ आली होती आणि गेल्या काही महिन्यांत हळूहळू खाली उतरली होती. ही रेघ म्हणजे धरणगावच्या पुढे, तापीच्या अंगाला, नानांच्या केळीच्या मळ्यात आम्ही बसवलेल्या स्टेशनची उंची.

स्टेशन म्हणजे फार काही नाही. खोल पाया घेतलेला सिमेंटचा खांब, त्यावर थाळीएवढा अँटेना, शेजारी सोलर पॅनल आणि डेटा पाठवायला एक सिमकार्ड. मोबाइलमधला जीपीएस तुम्ही कुठल्या रस्त्यावर आहात ते सांगतो. आमचा रिसीव्हर एकाच जागी ठाण मांडून वर्षानुवर्षं उपग्रहांचे सिग्नल ऐकत राहतो, त्यामुळे जमीन नखभर हलली तरी कळतं. या शास्त्राला उपग्रह-भूगणित म्हणतात. मी यात शिरले तेव्हा हे काम करणारी माणसं देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि बाई तर शोधूनही सापडली नसती. आमच्या गावी, पिंप्राळ्यात, शेजारणी आईला विचारायच्या, पोरगी नेमकं करते काय? आई सांगायची, “मोजणीत आहे.” तलाठ्याबरोबर साखळी ओढत फिरत असेल, अशी त्यांची समजूत व्हायची. आईनं ती कधी दूर केली नाही.

नाना माझ्या नात्यातले नव्हेत, मळ्याचे मालक; पण खान्देशातलं हे स्टेशन माझ्या हट्टानं आलं होतं. म्हणून साहेब “तुमचे नाना” म्हणत होते.

“उघड आहे,” ते पुढे म्हणाले. “बोअरमधून पाण्याचा उपसा चाललाय, खालची माती दबतेय. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याची पाण्याची बैठक आहे, तिथे मांडू. त्या शिवारात नवीन बोअर बंद करायला लावतील.”

नानांची विहीर आटत आली होती आणि त्यांचा बोअरचा अर्ज या बैठकीसाठीच अडून होता. केळीला पाणी चुकून चालत नाही. बोअर नाही म्हणजे मळा नाही.

जमीन खरोखर खचत असती तर मीच आधी बोलले असते. नात्यागोत्याचा प्रश्न नव्हता. पण ती रेघ मला पटेना. उपशानं दबलेली जमीन पावसाळ्यात पाणी मुरलं की थोडी तरी सावरते. ही रेघ पावसाळ्यातच जास्त उतरली होती.

मी हिशेब पुन्हा करायला घेतला. काही उपग्रह डोक्यावर असतात, काही क्षितिजाजवळ. त्या खालच्या उपग्रहांचे सिग्नल मी बाजूला काढले आणि फक्त डोक्यावरचे ठेवले. खचणं जवळजवळ नाहीसं झालं.

साहेब माझ्यापेक्षा वयानं लहान, पण हुशार. लगेच म्हणाले, “म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत तुम्ही डेटा कापणार?”

“सर, जमीन खचली तर ती सगळ्याच उपग्रहांना खचलेली दिसेल. इथे ती फक्त खालच्या उपग्रहांनाच खचलेली दिसतेय. अँटेनाच्या आजूबाजूला काहीतरी आडवं येतंय.”

“मोकळ्या जागेत बसवलंय आपण. फोटो आहेत.”

“फोटो बसवतानाचे आहेत. त्यानंतर तिकडे गेलंय कोण?”

कोणीच गेलं नव्हतं. डेटा सिमकार्डावरून येत होता, मग पेट्रोल कशाला जाळायचं! साहेब म्हणाले, “बैठकीच्या आत सिद्ध करा. नाहीतर मूळ रेघ मांडली जाईल.”

मी दुसऱ्याच दिवशी मळ्यात पोहोचले. नाना बांधावर उभेच होते. मी विचारलं, “नाना, स्टेशन कुठे गेलं?”

नानांनी अभिमानानं बोट दाखवलं. खांबाच्या चारही बाजूंनी शेवरीच्या झाडांची दाट भिंत उभी होती, माझ्या डोक्याच्याही वर गेलेली. खान्देशात केळीभोवती शेवरी लावतात, उन्हाळ्यातला गरम वारा अडवायला. इथे केळीच्या आत खास खांबासाठी वेगळी शेवरी होती. आत वाकून पाहिलं तर बुंध्याशी ठिबकची नळीसुद्धा फिरवलेली.

“उन्हायामा केयीले वारा लागू नई म्हनीसन लावतस ना ताई, तशी येले बी लाई दिनी,” नाना म्हणाले. “तुमना सायेबनी जाताना सांगेल व्हतं, नाना, येले पोटना पोर्‍यासारखं जपा.”

मला आधी हसूच आलं. मग त्या नळीकडे पुन्हा पाहिलं. पाण्याची एवढी ओढाताण असताना या माणसानं आमच्या यंत्राच्या सावलीला पाणी दिलं होतं.

खालून येणारे सिग्नल त्या ओल्या पानांत अडत होते, काही पानांवर आपटून लांबच्या वाटेनं अँटेनात शिरत होते. शेवरी जसजशी वाढली, तसतसा हिशेबात खांब खाली गेला. मी नानांना हे समजावलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

“मना हातथीन चूक व्हयनी का?”

“तुमनी नई नाना, आमनी शे.”

नानांनी स्वतः कोयता घेतला. शेवरी आडवी झाली तशी अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, फांद्या गोळा करायला आल्याच. “चाला, मना चुलाले सरपन व्हयनं,” त्या म्हणाल्या आणि आम्ही तिघंही हसलो.

पुढच्या काही दिवसांत रेघ उचलली आणि पहिल्या जागी येऊन बसली. मी साहेबांना फोन केला.

“सर, जमीन तुमच्यामुळे खचली होती.”

सगळं ऐकल्यावर ते खदखदून हसले. माणूस दिलदार. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की स्टेशनला झाडीचा अडथळा होता, या शिवारात जमीन खचल्याचा पुरावा नाही. शिवार बंदीतून सुटलं आणि नानांना बोअर मिळाली. मी त्यांना बजावलं, “नाना, उद्या खरंच खचली तर तेही मीच सांगणार.”

“सांगा ना. खरं व्हई ते आयकसूत.”

त्यानंतर आम्ही आणखी बरीच स्टेशनं बसवली. प्रत्येक ठिकाणी शेताचा मालक मोठ्या मनानं विचारतो, याची काळजी कशी घ्यायची? मी हात जोडून सांगते, “कृपा करून घेऊ नका.”