झिऱ्याचा वास

आमच्या नदीचं पाणी इतकं गोड, की चहात साखर घातली तर चहा रागावतो, असं मी पाहुण्यांना सांगतो. निम्मे विश्वासही ठेवतात. परवा उन्हात नदीच्या पात्रातून जाताना तहान लागली. तिथं वाळूत कलिंगडं लावणाऱ्या गंगूमावशीनं नेहमीसारखा हातानं झिरा उकरला, पाणी निवळू दिलं, ओंजळ भरली आणि पिण्याआधी नाकाशी नेली.

"मावशी, पाणी काय मोगरा आहे हुंगायला?"

"तो पिवळा खांब बघ. खालनं तेलाची पाइप गेलीय. फुटायची नाही म्हणतात. पण पुरात नदी कुठली वाळू उकरंल, ते तिला कोण विचारणार?"

नदी संथ वाहत होती, पोटात काय आहे याचा पत्ता लागू न देता.

माझं नाक तीन गावांपलीकडची भजी ओळखतं. मी झिऱ्यावर वाकलो. नातवंडांसाठी न्यायचा रिकामा तांब्या धरून मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"नुसतं पाणी आहे," मी म्हणालो. इतकं साधं वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो, आणि ते खरं असावं असं इतकं कधी वाटलंही नव्हतं.

मावशीनं मान हलवली, तांब्या भरला, आणि पुन्हा एकदा हुंगला.