सात अन् पाच, कशावरून?

उत्तर बरोबर आलं म्हणून कांबळे बाई कधी खूश झाल्याचं मला आठवत नाही. पाटीवर बरोबरची खूण करायला त्यांचा हात पुढे यायचा आणि मध्येच थांबायचा. "सात अन् पाच बारा. बरं. कशावरून?"

आता तिसरीतल्या पोरीनं काय सांगावं? मी म्हटलं, "आमचे आप्पा म्हनतेत." वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "अन् आप्पा चुकले तर?" आप्पा म्हणजे माझे वडील, त्यांच्याबद्दल असं गावात कुणी बोलत नसे. मी दिवसभर बाईंवर रुसून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या ओट्यावर चिंचोके मांडले. इकडे सात, तिकडे पाच. पाचातले तीन सरकवून साताला जोडले, तिथं दहा झाले. मागे दोन उरले. "काही हरवलं? न्हाई. बाहेरून आलं? न्हाई. नुस्तं सरकलं. म्हनून दहा अन् दोन, बारा." मग सगळे एका ओळीत लावले आणि मला एका टोकाला, मैत्रिणीला दुसऱ्या टोकाला बसवलं. माझ्याकडून सात आधी, तिच्याकडून पाच आधी. दोघींचे बाराच भरले. "जादूच की!" मी ओरडले. बाई म्हणाल्या, "जादूत लपवावं लागतं, पोरी. हितं सगळं उघड्यावर हाय."

बाई मूळच्या कंधारकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात देवणीजवळच्या आमच्या खेड्यात बदलून आल्या. गावात त्यांना खोली कुणी दिली नाही, तेव्हा त्या बौद्ध वस्तीत राहिल्या.

त्या साली आमच्या बाजूला एकाच विहिरीला पाझर उरला होता. सकाळी जेमतेम बारा घागरी पाणी जमायचं. आमच्या आळीची सात घरं, वस्तीची पाच. पोहरा आप्पांच्या हातात. वस्तीतल्या बायांनी विहिरीला हात लावायचा नाही, वरून कुणी ओतेल ते घ्यायचं, अशी तेव्हाची रीत. आळीच्या सात घागरी भरायच्या, त्यांच्या जोडीला चोरून चारदोन कळश्याही भरायच्या, की आप्पा "झालं!" म्हणून दोर गुंडाळायचे. वस्तीच्या पाच घागरी कोरड्याच. संध्याकाळी तळाचं गढूळ मिळालं तर मिळालं. त्या पाचांत एक बाईंची.

एके सकाळी मी सगळ्यांदेखत शहाणपणा पाजळला, "आप्पा, आज त्यांच्या पाच आधी भरा की. बेरीज तीच येती."

"तीच येती ना? मग हाय तसंच राहू दे."

बायका फिदीफिदी हसल्या. मी तडक शाळेत गेले आणि बाईंना म्हटलं, "तुमचं गणित खोटं हाय." बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "गणित खरं हाय. पर बेरीज शेवटपर्यंत करावी लागती. तुझे आप्पा सातावर थांबतेत. त्याला बेरीज म्हनत न्हाईत."

दुसऱ्या सकाळी मी आमची घागर पहिल्या जागेवरून उचलली आणि पार शेवटी, बाईंच्या घागरीला टेकवून ठेवली. सहा घागरी भरून झाल्यावर आप्पांनी विचारलं, "आपली कुठं हाय गं?"

"बारावी," मी म्हटलं.

माय "अगं बाई!" म्हणून मटकन खालीच बसली. आता ती घागर उचलून आळीच्या घागरींत ठेवायचीही सोय नव्हती. वस्तीच्या भांड्याला लागलेली घागर मधे चालते होय? आणि ओळ सोडून शेवटची आधी भरणं विहिरीवर चालत नसे. रीत आप्पांचीच, आणि आप्पाच तिच्यात अडकले! मला वाटलं, आता पोहराच डोक्यात बसतो. पण घरी पाण्याचा थेंब नव्हता. आप्पा आळीतल्या बायांवर खेकसले, "त्या कळश्या मागं घ्या आधी!" आणि ओढू लागले. सात, आठ, नऊ. बाई मान खाली घालून ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. बाराव्या घागरीत पाणी आलं ते अर्धं आणि गढूळ. मायनं मला शिव्या घालत ती राखेनं तीनदा घासली, पाणी फडक्यातून गाळलं.

आप्पांचं मन पालटलं असं मी म्हणणार नाही. कार्टी उद्या आणखी काय करील, याची धास्ती असावी. पण त्या दिवसापासून "झालं" हा शब्द बाराव्या घागरीनंतरच निघाला.

बाई शाबासकी देतील म्हणून मी दोन दिवस त्यांच्या पुढे पुढे केलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "उपकार केलेस असं समजू नगंस. अर्धी राहिलेली बेरीज पुरी केलीस, एवढंच." तेव्हा मला फार लागलं ते बोलणं. आज वाटतं, त्याहून मोठं काही मला पुढं कुणी शिकवलंच नाही.

पुढे लातूर जिल्हा नवा झाला आणि त्या नव्या जिल्ह्यात मला मास्तरकी मिळाली. नेमणुकीचा कागद घेऊन मी आधी बाईंकडे गेले. त्या लातुरात भावाकडे होत्या, आजारानं अंथरुणाला खिळलेल्या. कागद त्यांनी न वाचताच उशाशी ठेवला.

"सात अन् पाच?"

"बारा."

"कशावरून?"

मी चिंचोक्यांचं सांगणार होते. तोंडून निघालं ते दुसरंच, "बारावी घागर आमची होती बाई, त्यावरून."

ती आमची शेवटची भेट, महिन्याभरात बाई गेल्या. त्या दिवशी जवळ पाटी नव्हती, म्हणून त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटानं बरोबरची खूण केली. या वेळी हात मध्ये थांबला नाही.