तुमच्या लोकांचा रोग

"हा तुमच्या लोकांचा रोग आहे. आमच्या रक्तात असं काई नाही."

सासरे हे माझ्याकडे बघून बोलले नाहीत. माझ्या मांडीवर बसलेल्या सहा वर्षांच्या पोरीकडे बघून बोलले. नागपूरच्या कोर्टातली समझोत्याची खोली. टेबलापलीकडे ते, त्यांचा वकील आणि माझा नवरा. अलीकडे मी, माझा भाऊ आणि मला फुकट मिळालेल्या वकीलबाई. पोरीचे पाय सकाळपासून दुखत होते. घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून सोबत आणलं होतं.

तिला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. आजार उसळला की हाडं फोडल्यासारखी दुखतात. ती ओरडत नाही. उशीचा कोपरा चावत राहते. मी धंतोलीत एका दवाखान्यात आया आहे. दुसऱ्यांची पोरं न्हाऊ घालते, पुसते. माझी कण्हत असली की मला सुट्टी नाही. घरी राहिले तर खाडा पडतो, पगार कापतात.

आमचं लग्न आम्हीच जमवलं होतं. उमरेडला कॉलेजात एका वर्गात होतो. ते शेतीवाले, मोठ्या घरचे. आम्ही बौद्ध. सासरी माझं ताट वेगळं होतं. तेही गिळलं. पोरगी तीन वर्षांची असताना आजार निघाला, आणि काही महिन्यांतच नवऱ्यानं आम्हा मायलेकींना माझ्या भावाच्या दारात आणून सोडलं. पोटगीचा अर्ज केला तर उत्तर आलं, पोरगी आमची कशावरून.

आता त्यांनी कागद आणला होता. एकरकमी पैसे घ्यायचे. पोरीनं बापाचं नाव लावायचं नाही. पुढे काही मागायचं नाही. भाऊ म्हणाला होता, घेऊन टाक, एकटी किती दिवस ओढशील. त्याचं चुकत नव्हतं. मी आतून संपले होते. पेन हातात घेतलं.

तेव्हा सासरे ते बोलले.

पोरीनं मान वर केली. हळूच विचारलं, "आई, माझं रक्त घाण आहे काय वं?"

मी पेन खाली ठेवलं.

एक गोष्ट मी तीन वर्षं पोटात ठेवली होती. आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांचं रक्त तपासलं होतं. आई आणि बाप, दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही, असं त्यांनी कागदावर काढून समजावलं. दोघांच्याही रक्तात त्याचा अंश निघाला. बाहेर आल्यावर नवऱ्यानं माझे हात धरले. त्याच्या बहिणीचं लग्न ठरत होतं. घरी सांगू नको म्हणाला. मी नाही सांगितलं. घरचे मला रोगट म्हणाले. माझ्या आईला, माझ्या जातीला बोलले. तो तिथेच बसून जेवत होता.

लग्न झाल्यापासून मी त्याला तुम्ही म्हणायचे. त्या दिवशी नाही म्हटलं.

"सांग तुह्या बाबाले, तुह्या रिपोर्टात काय निघालं होतं."

तो टेबलाकडे बघत राहिला. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "काय गा?" त्यानं खुर्ची बापापासून बाजूला सरकवली. खोलीत सगळ्यांना कळलं. त्यांच्या वकिलानं कागद फाइलमध्ये घातला. समझोता मोडला.

कोणी माफी मागितली नाही. जिन्यात भाऊ माझ्यावर चिडला, आता पोरीच्या दवाखान्याच्या खर्चाचं काय करशील. पोरीला उचलून बसस्टॉपपर्यंत चालले. त्याच आठवड्यात तिला भरती करावं लागलं. मी काम करते तिथे नाही, तिथलं बिल मला झेपत नाही. सरकारी वॉर्डात, खाली टाकलेल्या गादीवर. बापाला निरोप दिला. तो आला नाही.

त्या गादीशी बसून मी वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, एकरकमी काही नको. पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत दर महिन्याला बापानं द्यायचं. पोरगी त्याचीच आहे हे ठरवायला कोर्टानं त्याचं रक्त तपासावं, तसा अर्ज करा. त्या म्हणाल्या, वेळ लागेल, तुलाही उलटसुलट विचारतील, घाण बोलतील.

बोलू द्या. त्याची लाज मी आता झाकणार नाही. बंद खोलीत जे बोलले, ते भरल्या कोर्टात बोलीन.