सोलांनी घासलेली रायफल

अगो, इकडे ये, जवळ बस. मी तुझ्याकडे चार दिवस आलेय तर तो फोन जरा बाजूला ठेव. मावशीनं म्हातारपणी बंदूक घेतली म्हणून साऱ्या नातेवाइकांत सांगत सुटलीस, मला मात्र एका शब्दानं विचारलं नाहीस.

जुन्या शिकारी बंदुकांचा नाद मला तुझ्या काकांमुळे लागला. ते गेले, नाद राहिला. आता शिकार कायद्यानं बंद आहे, ते बरंच झालं. मी फक्त जमवते, पुसते, बघत बसते. आम्हा जमवणाऱ्यांना वस्तू हवी ती मूळची. नळीवरची निळसर काळी झाक, बनवणाऱ्याची कोरलेली अक्षरं. एकदा घासलं की गेलं.

खारेपाटणजवळ एका मुसलमान व्यापारी घरात अशी रायफल होती. एका वेळी एकच गोळी घेणारी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. मालकांची नजर गेलेली, मुलगे आखातात, परवाना पुढे चालवायला कुणी तयार नाही. मी घेतली नसती तर ती पोलीस ठाण्यात जमा होऊन गंजत पडली असती. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच मला दुसरं काही सुचेना. मग कचेऱ्यांच्या फेऱ्या. साहेबांसमोर शुद्ध मराठी बोलून बोलून जीभ दुखली माझी. परवानगी आली तोवर भातकापणी उरकली होती.

आणायला गेले, तर खालांनी, म्हणजे मालकांच्या बायकोनं, ती पांढऱ्या कापडात गुंडाळून आणली. कापड सोडलं. नळी स्टीलच्या पेल्यासारखी चकाकत होती. पितळेची भांडी घासतो ना आपण, तशी भिजवलेल्या कोकमाच्या सोलांनी आणि चुलीतल्या राखेनं घासून काढली होती. अक्षरं जवळजवळ पुसली गेली होती.

"आमच्या घरातली वस्तू तुमच्याकडे मळकी कशी पाठवूची?" खाला म्हणाल्या. "आता बरी दिसता ना?"

दिसते, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या चहा आणायला आत गेल्या. मालकांनी नळीवरून बोट फिरवलं, अक्षरांच्या जागी थांबले, आणि हळूच म्हणाले, "बाई, नको असली तर नको म्हणा. मीच विकूक तयार नाय, असा सांगान तिका. पण सोलांचा नाव तिच्याकडे काढू नकात."

मी चहा प्यायले, सह्या केल्या आणि रायफल घेऊन घरी आले. उपकार वगैरे काही नाही त्यात. दस्ता तोच आहे, खालची कडी ओढली की गोळी भरायची जागा अजून लोण्यासारखी उघडते. मात्र कोल्हापूरच्या एका जमवणाऱ्यानं फोटो बघून विचारलं, लग्नात आहेर द्यायला घेतलीत काय! एक कारागीर नळी पुन्हा काळी करून द्यायला तयार आहे. मी दिलेली नाही. खालांचा फोन येतो, चकाकी टिकलीय ना म्हणून विचारतात. आंब्याला मोहोर आला की ती दोघं रायफल बघायला येणार आहेत. तोवर मी तिला तेलाचा हात फिरवत असते, एवढंच.

ती दोघं आली की खाला चकाकीचं कौतुक करणार, मालक अक्षरांच्या जागी बोट फिरवणार, आणि मधे मी. मला सोबत हवी. तू ये गो लवकर. नुसतं येते येते म्हणू नकोस.