मलाही थायरॉईड हवा होता

माझ्या जावेला थायरॉईड झाला आणि मी आजारी पडले.

म्हणजे ताप, खोकला असलं काही नाही. मला तिचा हेवा वाटायला लागला. सरळ सांगते, पन्नाशी आल्यावर लपवायचं काय! शैला माझी धाकटी जाऊ, दुधनीची. सोलापुरात एकाच घरात खाली आम्ही आणि वर ते, असं बावीस वर्षं चाललंय. तिचे केस लांब. तिची भाकरी फुगते. तिच्या मोगऱ्याला कळ्या येतात आणि माझ्या मोगऱ्याला नुसती पानं. हे सगळं मी पचवलं होतं. पण मागच्या वर्षी डॉक्टरांनी तिला थायरॉईड सांगितला आणि घराची तऱ्हाच बदलली. सकाळी गोळी घेतल्यावर तासभर काही खायचं नाही, म्हणजे तासभर काही करायचंही नाही, असा अर्थ भाऊजींनी (माझ्या दिरांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं) काढला. मग ते स्वतः चहा करायला लागले! ज्या माणसाला बावीस वर्षांत घरातला साखरेचा डबा दिसला नव्हता, त्याला चक्क गाळणी सापडली.

शैला दमली? थायरॉईड. चिडली? थायरॉईड. ब्लाऊज घट्ट झाला? थायरॉईड. माझा ब्लाऊज घट्ट झाला की मात्र आत्या (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) म्हणायच्या, “मंगल, शेंगाची चटणी जरा बेतानं खा की गं.”

त्यात कुरडयांचे दिवस आले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. उन्हाळ्यात मला सुट्टी असते, म्हणजे दहा किलो गव्हाच्या कुरडया असतात. नणंदांचे डबे, पुण्याच्या लेकीचा डबा, मोडनिंबच्या पाहुण्यांचा डबा. पण निदान दरवर्षी सोऱ्या दाबायला शैला असायची. यंदा आत्यांनी जाहीर केलं, “शैलाला थायरॉईड हाय. तिला सोऱ्याला हात लावू देऊ नका. मंगल हाय की!”

मंगल हाय की! त्या दुपारी मी ठरवलं, आपल्यालाही थायरॉईड हवा. लक्षणं सगळी होती. दमत होते, चिडत होते, ब्लाऊजचं तर सांगितलंच. नव्हता तो फक्त कागद. आणि आमचे हे हेडक्लार्क असल्यामुळं आमच्या घरात कागदाशिवाय दुखणंसुद्धा मंजूर होत नाही.

पुण्याला लेकीला फोन लावला.

“अगं आई, लॅबमध्ये कशाला जातेस?” प्राची म्हणाली. “घरी करायचे कीट मिळतात. बोटाला टोचायचं, नळीत रक्त भरायचं, कुरिअरवाले घेऊन जातात. थायरॉईड आणि व्हिटॅमिनं, दोन्ही कळतं. आणि एकावर एक ऑफर होती, म्हणून काकूसाठीपण पाठवतेय हं!”

काकूसाठीपण! म्हणजे माझ्या आजारातसुद्धा तिचा वाटा!

कीट आले. रविवारी सकाळी सातला उपाशीपोटी सगळे आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमलो. कुरिअरवाले दहाला येणार होते. प्रत्येक डब्यात तीन टोचण्या (टक् केलं की आतून सुई बाहेर येते), स्पिरिटचा बोळा, पट्ट्या आणि एक नळी. नळी केवढी? करंगळीच्या पेरापेक्षा जरा लांब. तिच्यावर एक रेघ. त्या रेघेपर्यंत रक्त भरायचं. यांनी चष्मा लावला आणि शासनाचं परिपत्रक वाचावं तसं वाचायला घेतलं.

“एक. हात कोमट पाण्यात धरावा. दोन. उभे राहावे. तीन. हात खाली सोडावा. चार. पहिला थेंब पुसून टाकावा. पाच. बोट पिळू नये.”

“आधी शैलाचं करा,” आत्या म्हणाल्या. “तिला थायरॉईड हाय.”

शैलानं बोट पुढं केलं. टक्! आणि टप, टप, टप! अर्ध्या मिनिटात रेघ आली. रेघेच्या वर गेलं!

“अय्यो, जास्त झालं की!” ती म्हणाली.

जास्त झालं म्हणे! मला मोगरा आठवला.

मग मी टोचलं. टक्! मोहरीएवढा एक थेंब वर आला, त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि तिथंच बसला. तो पुसला. दुसरा यायला लागला, तेवढ्यात मी सवयीनं बोट तोंडात घातलं.

“अगं, चोखतीस काय!” हे ओरडले.

“कुठं लिहिलंय चोखू नये म्हणून?”

यांनी खरंच परत पहिल्यापासून वाचून बघितलं. लिहिलं नव्हतं. पण ते बोट बाद झालं.

दुसरी टोचणी. या खेपेला मी दात ओठ खाऊन दाबली आणि चांगला टपोरा थेंब आला. मी नळी खाली धरली, थेंब लोंबायला लागला, आता पडणार, आता पडणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या धावत आल्या आणि त्यांनी माझ्या बोटावर चिमूटभर हळद दाबली!

“रक्त यायलंय की गं! नुसतं बघत काय बसलायसा समदी?”

आमच्या घरी कुणाचं बोट कापलं तर ते माणूस ओरडायच्या आत आत्यांची हळद पोचते. साठ वर्षांचा सराव! आणि हळद वैरागच्या त्यांच्या माहेरच्या शेतातली. रक्त जागच्या जागी थांबलं.

“आत्या, थांबवायचं नव्हतं! काढायचं होतं!”

“काढायचं? कशाला? हाय ते अंगात ऱ्हाऊ दे की.”

घड्याळात साडेआठ. नळीत काही नाही. यांनी सुचवलं, “हात गोल फिरव. जोरात. रक्त बोटात उतरतं.” मी उभी राहून हात फिरवायला लागले. शाळेत पोरांना कवायत शिकवताना फिरवते तसा. एक, दोन, तीन! चौथ्या फेरीला हात गेला तो थेट टेबलावरच्या चटणीच्या वाटीत. (आमच्या टेबलावर एक वेळ मीठ नसेल, शेंगाची चटणी असतेच.) टोचलेली दोन्ही बोटं तिखटात! मी जी किंकाळी फोडली ती ऐकून चहा करायला वर गेलेले भाऊजी कप घेऊन पळत खाली आले आणि विचारलं, “शैला, काय झालं गं तुला?”

शैलाला! किंचाळले मी!

बोटं धुतली. तिसरी टोचणी मारली. कोरडी गेली. माझ्या टोचण्या संपल्या. मी खुर्चीत बसले आणि मला रडूच आलं. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? पण दहा किलो गहू भिजवायला काढून ठेवले होते हो, आणि त्यांच्यातून सुटायची माझी एकच वाट त्या नळीतून जात होती!

“अक्का, माझ्या डब्यातल्या दोन उरल्यात की,” शैला म्हणाली. “हात द्या बघू.”

म्हणजे आता तिच्या सुईवर माझा थायरॉईड! पण दहा वाजत आले होते. मी हात दिला. तिनं तो कोमट पाण्यात धरला, मग मांडीवर घेऊन मनगटापासून खाली हळूहळू चोळत राहिली. एकेक बोट दाबून बघितलं.

“अक्का, बोटं किती खरखरीत झालीत ओ तुमची. सुई कशी जाईल? खडू आन् सोऱ्या, दुसरं काय.” मग तिनं डाव्या हाताच्या अंगठीच्या बोटाची कड निवडली. “हितं काम अजून पोचलं न्हाय.”

टक्! आणि टप, टप, टप! रेघ आली.

मला तिचे आभार मानावेसे वाटले. अगदी मनापासून वाटले. ते एका थेंबाइतका वेळ टिकलं. पुढच्या थेंबाला मनात आलं, हे माझं रक्त, पन्नास वर्षं माझं मीठ खाल्लेलं, मी बोलावलं तर दाराबाहेर येत नाही, आणि तिनं हाक मारली की धावत जातं!

चार दिवसांनी रिपोर्ट मोबाईलवर आले. यांनी सगळ्यांना बोलावून मोठ्यानं वाचले. शैलाचा थायरॉईड गोळीनं ताब्यात, पण व्हिटॅमिन डी फार कमी. माझा थायरॉईड नॉर्मल. बी ट्वेल्व्ह नॉर्मल. डी उत्तम.

“नीट बघा हो. दुसऱ्या पानावर काहीतरी असेल.”

“दुसऱ्या पानावर तुझं अभिनंदन केलंय,” हे म्हणाले.

फोनवर प्राचीला आश्चर्य. “आई, आमच्या ऑफिसात सगळ्यांचं डी कमी आहे. तुझंच एवढं कसं?”

“कुरडया!” आत्या फोनमध्ये ओरडल्या. “दर साली गच्चीवर उन्हात बसतीया न्हवं? कामानं कुणी मरत न्हाय, मी सांगत हुते का न्हाय!”

यांनी माझ्या रिपोर्टची प्रत काढून फ्रिजवर चिकटवली. आता माझ्या तब्येतीला कागद होता. मंगल धडधाकट आहे, हे स्वतःचं बोट टोचून, स्वतःचं रक्त देऊन मीच लेखी दिलं होतं.

शैलाला डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या घ्या आणि रोज सकाळी उन्हात बसा. त्यामुळं कुरडयांच्या दिवशी गच्चीवर आम्ही दोघी होतो. ती खुर्चीत, हातात भाऊजींनी केलेला चहा. मी खाली पाटावर, हातात सोऱ्या, दोन बोटांना पट्ट्या. ऊन दोघींना एकच. तिला ते औषध म्हणून, मला कुरडयांसाठी. मी दातओठ खाऊन चीक दाबत होते, तेवढ्यात ती म्हणाली, “अक्का, खरं सांगू? तुमच्या रिपोर्टचा मला लई हेवा वाटला बघा.”

माझा सोऱ्या जागीच थांबला.

“व्हय की! माझं डी पार तळाला गेलंय. तुमचं नशीबच चांगलं.”

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी हे ऐकायला थांबले होते. केस गेले, भाकरी गेली, मोगरा गेला, चुलीत गेला तो थायरॉईड! उरलेल्या सगळ्या कुरडया मी त्या दिवशी गाणं गुणगुणत घातल्या.

तेव्हापासून रोज सकाळी शैलाची खुर्ची मी स्वतः गच्चीवर नेऊन मांडते. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “आमची मंगल लई बदलली बघा. जावेला किती जपतीया!”

खुर्ची मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत मांडते.