जनरेटरजवळ घोंघावणारा बेस

मित्रांनो, उशिरा लिहितोय, माफ करा. बेस गिटार खोलायला देण्याआधीच या ग्रुपवर विचारायला हवं होतं.

आमच्या बँड पार्टीत मी बावीस वर्षं बेस वाजवतो. माझ्या बेसच्या तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा पिकअप दोन तुकड्यांचा होता. एक तुकडा बिघडला आणि दोन तारांचा आवाज बसला. म्हणून आज तो मालेगावला रिपेअरवाल्याकडे नेला. तेवढाच तुकडा बदल, असं त्याला सांगितलं होतं. त्याने दोन्ही काढले, लाकूड कोरलं आणि एकच लांब पिकअप बसवून दिला. मला विचारलंसुद्धा नाही.

दुकानात आवाज स्वच्छ आला. पण आमचा बेस वरातीत जनरेटरच्या गाडीवर वाजतो. रिठदला घरी येऊन आमच्या गाडीवरचा जनरेटर सुरू केला, तर बेस गांधीलमाश्यांसारखा घोंघावायला लागला. जुना कधी असा घोंघावला नाही.

तसाच परत गेलो. तो हसून म्हणतो, "आजोबा, तुमचे कानच गुणगुणून राह्यले."

"माह्या कानाचं मी पाहीन. जुना पिकअप दे."

"तो भंगारात गेला ना."

बेस उचलून मी निघालो. आमचा बँडमालक आधीच म्हणतो, "काका, कीबोर्डात बेस असते, तुमी कायले तरास घेता?" हे घोंघावणं ऐकलं की तो मला घरीच बसवेल.

येत्या रविवारी किन्हीराजाला वरात आहे. या कोरलेल्या जागेत बसेल आणि जनरेटरजवळ गप्प राहील, असा कोणता पिकअप घेऊ? माहीत असेल त्याने आजच कळवा. मला चैन नाही.